नलूताईंचे स्पॅनिश सोयरे

लग्न होऊन मी फणसवाडीत आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "तू शिकलेली आहेस ना गं? मग सुएग्रा म्हणजे काय ते सांग."

मला माहीत नव्हतं.

"नलूच्या खोलीतून रोज ऐकू येतं. काल तर तिनं माझ्याकडे बोट दाखवलंन् आणि सगळे मेले एका सुरात ओरडले, सुएग्रा! शिवी नसेल ना?"

नलू म्हणजे नलिनी मानकर, आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या. मध्ये एक लाकडी पार्टिशनवजा भिंत, तिच्यातून इकडची फोडणी तिकडे आणि तिकडचं बोलणं इकडे बिनदिक्कत यायचं. वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नाही, बॅलार्ड पिअरला एका जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरी. संध्याकाळी घरी आल्या, की खोलीत स्पॅनिश शिकवायच्या. मी घाबरत घाबरत त्यांच्या दारात जाऊन सासूबाईंची शंका सांगितली, तर त्या खदखदून हसल्या आणि तशाच आमच्या घरात शिरल्या.

"काकी, रागावलात होय? सुएग्रा म्हणजे सासू. खरीखुरी सासू समोर गॅलरीत उभी असताना मी फळ्यावर चित्र कशाला काढू? आणि आता ही आलीय ना, माझं अर्धं काम झालं. ही तुमची नुएरा, म्हणजे सून."

सासूबाईंना हे भलतंच आवडलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गाच्या वेळेला त्या केस विंचरून, मटारचं ताट घेऊन नलूताईंच्या दाराशी बसायला लागल्या. सोलताना मधूनमधून मान वर करून बघायच्या, आपला नंबर आला का म्हणून. त्यांना एकटं बसवायला नको म्हणून मीही बसायला लागले, आणि अशी मी नलूताईंची विद्यार्थिनी झाले. सासरची नाती आणि स्पॅनिश नाती मी एकाच महिन्यात शिकले. त्यातली स्पॅनिश नाती सोपी गेली.

नलूताई उंच होत्या. चालताना एक खांदा थोडा पुढे टाकून चालायच्या, जणू समोर गर्दी आहे आणि वाट काढायचीय. फिक्या रंगाच्या सुती साड्या, हातात घड्याळ, दुसऱ्या हातात काही नाही. फणसवाडीतून कचेरीपर्यंत चालत जायच्या आणि चालतच यायच्या. कोळणीशी घासाघीस करायच्या नाहीत, पण मासळी उलटीसुलटी करून इतका वेळ बघायच्या, की कोळीणच कंटाळून म्हणायची, "घे बाय, न्हे आता." दोघे धाकटे भाऊ त्यांनीच शिकवले, त्यांची लग्नं लावली. ते डोंबिवलीला आणि पुण्याला गेले. "ताई, आता आमच्याकडे या," असं दर दिवाळीला म्हणायचे आणि नलूताई दर दिवाळीला विचारायच्या, "आणि माझा वर्ग?"

वर्ग म्हणजे पाच-सात माणसं. बंदरावरचा एक कारकून, औषध कंपनीतले एक गृहस्थ, कॉलेजातल्या दोन मुली, असे येत-जात असायचे. खोलीतल्या लाकडी कपाटाची दोन्ही दारं नलूताईंनी काळ्या रंगानं रंगवून घेतली होती, तोच फळा. मध्येच काही काढायला कपाट उघडलं, की अर्धं वाक्य या भिंतीला आणि अर्धं त्या भिंतीला जायचं, आणि फळ्याच्या पोटातून घडी घातलेल्या साड्या दिसायच्या.

ही भाषा त्यांना नोकरीत मिळाली. टायपिस्ट म्हणून लागल्या, तेव्हा दक्षिण अमेरिकेतल्या बंदरांची पत्रं त्या अक्षर बघून टाइप करायच्या, अर्थ न कळता. "आपलीच बोटं आपल्याला न कळणारं बोलतायत, हे मला सहनच होईना," असं त्या सांगायच्या. मग कुलाब्यात राहणारी एक म्हातारी बाई त्यांनी शोधून काढली. ती मूळची चिलीची, एका कप्तानाची विधवा. तिच्याकडे जाऊन जाऊन शिकल्या. स्पेन काही त्यांनी पाहिलं नव्हतं. त्याचं त्यांना वाईटही वाटायचं नाही. "आजी कुठे राहते ते माहीत नसलं तरी आजीची भाषा येऊ शकते," म्हणायच्या.

शिकवायची त्यांची तऱ्हा ठरलेली होती. पुस्तकात पहिला धडा विमानतळाचा होता, तो त्या बाजूला ठेवायच्या. पहिला महिना फक्त घरातली माणसं. "आधी नातं लावा, मग बोला," हे त्यांचं पालुपद. दुसरं पालुपद असं, की "चुकायचं तर मोठ्यानं चुका. हळू चुकलेलं मला ऐकू येत नाही." आणि ऐकू आलेली एकही चूक त्या सोडायच्या नाहीत. वर्गातल्याच नव्हे, कुणाच्याही. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "ती स्टॉप गेली," तर या तिकीट घेता घेता म्हणायच्या, "तो स्टॉप गेला."

नात्यांच्या धड्यात त्यांना रंग चढायचा. आई-बाप मिळून 'पाद्रेस', म्हणजे नुसतं बापाचं अनेकवचन. हे फळ्यावर लिहून त्या आम्हां बायकांकडे वळायच्या. "बघा. आई कुठे गेली? बापात गेली." नवरा-बायकोचा धडा आला, की एस्पोसा म्हणजे बायको हे सांगून क्षणभर थांबायच्या. मग औषधवाल्या गृहस्थांकडे बघून म्हणायच्या, "आणि एस्पोसास म्हणजे बायका, आणि पोलिसांच्या हातकड्याही. शब्द एकच." गृहस्थ बिचारे दर वेळी हसायचे. सासरच्या माणसांना त्या भाषेत 'फामिलिआ पोलितिका' म्हणतात हे ऐकलं, तेव्हा सासूबाईंनी मटार सोलणं थांबवून विचारलं, "म्हणजे राजकारणी कुटुंब?" नलूताई म्हणाल्या, "शब्दशः तसंच, काकी." सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खोटं नाही ते."

एकाच शब्दावर मात्र नलूताई चिडायच्या. तो म्हणजे 'तिआ'. काकी, मामी, मावशी, आत्या, सगळ्या तिआ. "अरे, हा काय गलथानपणा! मी माझ्या भाच्यांची आत्या आहे. बारशाला नाव कानात कोण सांगतं? आत्या. तिआ काय, कुणीही असेल." हे बोलताना त्यांचा आवाज खरोखर चढायचा. मग शांत होऊन त्या फळ्यावर दुसरा शब्द लिहायच्या, 'कोनसुएग्रोस', आणि चेहरा एकदम खुलायचा. "पण हे बघा. व्याही! इंग्रजांकडे हा शब्द नाही. त्यांना वाटतं, पोराचं लग्न लावलं की संपलं. आपल्याकडे आहे आणि यांच्याकडे आहे. मुलीच्या बापाला आणि मुलाच्या आईला एकमेकांचं काहीतरी लागतं, हे ज्या भाषेला कळलं, तिला मी तिआ माफ करते."

परब आले ते याच शब्दासाठी, असं म्हटलं तरी चालेल.

प्रभाकर परब लालबागचे. एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, गिरण्यांच्या संपात घरी बसले ते बसलेच. संप संपला असं कुणी सांगितलंच नाही. पुढे त्यांना कामावरही घेतलं नाही. मग दादरला एका इमारतीत वॉचमन म्हणून लागले. बायको सुलोचना खानावळ चालवायची, पण जेवणारे गिरणीवालेच, ते गावी निघून गेले. एकच मुलगी, सुनंदा. परळच्या एका हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेली. घरात पगार येईना म्हणून ती आखातात नोकरीला गेली, आणि तीन-एक वर्षांनी तिनं कळवलं, की तिकडच्या हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करणारा एक स्पॅनिश मुलगा आहे, त्याच्याशी लग्न करायचंय. मुलगा आणि त्याची आई मुंबईला येणार होते.

नलूताईंच्या कचेरीतला शिपाई परबांचा गाववाला. त्याच्या ओळखीनं ते एका संध्याकाळी बायकोला घेऊन फणसवाडीत आले. दाराबाहेर चपला काढून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. बोटं लांब, सतत हलणारी.

"बाई, माका चार शब्द शिकवा. जास्त नको."

"कशासाठी?"

"त्या मुलाच्या आईशी बोलूचा हा. पोरगी सांगता, मी त्याका इंग्लिशमधे सांगीन, तो सांगीत आयेक. म्हणजे माझा बोलणा दोन तोंडांतून जातला. तोवर त्यातला काय रवतला?"

"मी येते दुभाषी म्हणून," नलूताई म्हणाल्या.

"तुम्ही इलात तरी तिसरा तोंडच ना?"

नलूताईंना उलट उत्तर ऐकायची सवय नव्हती. तरी त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. काय बोलायचंय त्यांच्याशी?"

परबांनी मान खाली घातली. "मी घरात बसलो म्हणून पोर भायेर गेली. ह्या लग्नाक मी हो म्हणूचा की नाय, ता माका त्या आयेक बघून ठरवूचा हा. एकच विचारूचा हा. माझ्या पोरीक तुमच्या घरात काय म्हणून हाक मारतलात?"

सुलोचनाबाई त्यांच्या मागे बसल्या होत्या, त्या पहिल्यांदाच बोलल्या. "माझा नाव वत्सला व्हता. लग्नात सुलोचना केला. बापाशीन वर्षभर वत्सला म्हणून हाक मारली, मगे तोव इसारलो." मी दाराशी होते. माझंही माहेरचं नाव वेगळं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंचंही.

नलूताईंनी कपाट बंद केलं आणि फळा पुसला.

पुढचे काही आठवडे परब ड्यूटी संपवून यायचे. 'इहा' म्हणजे मुलगी. 'मी इहा', माझी मुलगी. 'सोय प्रभाकर', मी प्रभाकर. 'एस्तोय कासादो', माझं लग्न झालेलं आहे. हे शेवटचं कशाला, असं त्यांनी विचारलं, तर नलूताई म्हणाल्या, "बायको शेजारी बसलेली असेल, तिची ओळख नको करून द्यायला?" आणि मग तो प्रश्न. 'कोमो वा आ यामार आ मी इहा?' परबांची जीभ मालवणी, त्यामुळे सूर आपोआप वर जायचा, आणि नलूताई खूश व्हायच्या. ते पुटपुटले, की मात्र ओरडायच्या, "मोठ्यानं चुका!" खानावळीत आयुष्य गेलेल्या सुलोचनाबाई वर्गाला येताना कधी रिकाम्या हातानं आल्या नाहीत. भरली वांगी, तिसऱ्यांचं सुकं. आमच्याकडे सासूबाईंनी संध्याकाळची भाजी करणंच सोडून दिलं.

भेटीच्या दिवशी नलूताईंनी मला बरोबर घेतलं. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "एकटी बाई गेली, की लोक खुर्ची देतात. दोघी गेल्या, की चहा देतात." पण बसमध्ये त्या तिकिटाची घडी घालत आणि उलगडत राहिल्या.

"शैला," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी आजवर कप्तानांशी बोलले, कारकुनांशी बोलले. कुणाच्या आईशी कधी बोलले नाही गं."

लालबागच्या त्या चाळीत परबांच्या खोलीत शेजारपाजारच्या खुर्च्या आणून मांडल्या होत्या. सुनंदा गुलाबी साडीत, चेहरा पांढराफटक. तो मुलगा, आंद्रेस, बुटका, दाढी राखलेला, गुडघे जुळवून बसलेला. आणि त्याची आई, कार्मेन. काळा झगा, काळे मोजे, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, आणि हात अगदी कामकरी बाईचे. लांबच्या प्रवासानं डोळे सुजले होते. ती परबांकडे बघत होती आणि परब तिच्याकडे.

आंद्रेस आईकडे वळून काहीतरी म्हणाला. त्यात शेवटी स्वच्छ ऐकू आलं, "नाय."

परबांनी भुवया उचलल्या. आई काहीतरी बोलली. मुलगा पुन्हा म्हणाला, "मिरा, नाय..." म्हणजे बघ, नाय, आणि पुढे बराच बोलला. परत नाय.

परबांचा चेहरा उतरला. ते बायकोला हलकेच म्हणाले, "गो, ह्यो कित्याक नाय नाय म्हणता? नाय म्हणूचा होता, तर येवचाच कशाक?"

सगळ्यांनी नलूताईंकडे पाहिलं. आणि नलूताई, ज्यांना मी कधी अडखळताना पाहिलं नव्हतं, त्या सरळ म्हणाल्या, "मला हा शब्द येत नाही. आमच्या भाषेत नाही म्हणजे नो. हे काहीतरी निराळं आहे."

सुनंदाला तोपर्यंत उमगलं. "बाबा!" ती हसायला लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाय म्हणजे आई! त्यांच्या गावाला घरात वेगळीच भाषा बोलतात. आपण मालवणी बोलतो ना, तशी. तो तिला आई म्हणून हाक मारतोय."

गॅलरीत उभ्या असलेल्या बायकांपर्यंत ते पोचायला वेळ लागला नाही. सगळी चाळ हसली. आंद्रेसनं आईला समजावलं, की इथे तुझ्या हुद्द्याचा अर्थ नकार होतो. तीही हसली. तिचा वरचा एक दात पडलेला होता. हसताना तिनं तोंडावर हात धरला, तो अगदी आपल्याकडच्या बायकांसारखा.

मग परब उठून उभे राहिले. एवढ्या वेळा घोकलेलं होतं, पण उभे राहिल्यावर घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणाले, "सोय प्रभाकर. एस्तोय कान्सादो."

कासादो म्हणजे लग्न झालेला. कान्सादो म्हणजे दमलेला. मी प्रभाकर, मी दमलोय, असं ते म्हणाले होते. मी नलूताईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ उघडले होते, दुरुस्ती त्यांच्या जिभेवर आलेली मला दिसत होती.

कार्मेननं परबांकडे निरखून पाहिलं. ती हसली नाही. "यो ताम्ब्येन," ती म्हणाली. मीसुद्धा. आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून पुन्हा, "यो ताम्ब्येन, सेन्योर."

नलूताईंनी ओठ मिटले. त्या दिवशी त्यांनी ती चूक सोडली. पुढेही परबांना कधी सांगितली नाही.

परबांना वाटलं, बाई विवाहित असल्याचं सांगतेय. त्यांनी समाधानानं मान हलवली, शेजारच्या सुलोचनाबाईंकडे हात केला आणि मग प्रश्न विचारला. "कोमो वा आ यामार आ मी इहा?" एकही अक्षर चुकलं नाही.

कार्मेनला प्रश्नच कळेना. शब्द कळले होते, पण यात विचारण्यासारखं काय आहे, ते कळत नव्हतं. ती मुलाकडे बघायला लागली, मग नलूताईंकडे. नलूताई खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या, पण बोलल्या नाहीत. शेवटी कार्मेननं खांदे उडवले आणि म्हणाली, "पोर सु नोम्ब्रे." मग प्रत्येक अक्षर सुटं करत, खूप तयारी केल्यासारखं, "सु-नान्-दा."

"काय म्हणाल्या?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"तिच्या नावानं," नलूताई म्हणाल्या. "तिच्या नावानं हाक मारणार. सुनंदा."

"बदलूचे नाय?"

नलूताईंनी तो प्रश्न तिकडे केला. मग कार्मेन बोलत गेली आणि नलूताई तिच्यामागून मराठीत सांगत गेल्या. त्यांच्या गावात लग्न झालं म्हणून कुणी बाई आपलं नाव बदलत नाही. आडनावही नाही. कार्मेन स्वतः अजून तिच्या बापाचं आडनाव लावते. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, तो असतानाही तेच लावायची. आणि मुलांना दोन आडनावं असतात, एक बापाचं आणि एक आईचं.

इथे नलूताई परबांकडे वळल्या. नलूताईंना हे पुस्तकातून वर्षानुवर्षं माहीत होतं, वर्गात त्या ते शिकवायच्याही. परबांना मात्र कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी चार शब्दच मागितले होते ना.

"परब," त्या म्हणाल्या, "सुनंदाला मूल झालं, तर त्याच्या नावात शेवटी परब लागेल."

परब खाली बसले. खुर्चीवर नाही, खाटेच्या कडेवर. त्यांना मुलगा नव्हता, भाऊ नव्हता. गिरणीतल्या हजेरीवरूनही परब हे नाव गेलं होतं. ती लांब बोटं त्यांनी तोंडावरून फिरवली आणि बायकोला एवढंच म्हणाले, "पानां वाढ गो."

त्या दुपारी कार्मेननं तळलेला बांगडा हातानं खाल्ला. काटा एका ओढीत सबंध बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला. परब ते बघत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "घर चांगला हा."

लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. दोन वर्षांनी आनिता जन्मली, आनिता लागो परब, आधी बापाचं आडनाव, मग आईचं. परबांनी वॉचमनच्या केबिनमध्ये तिचा फोटो लावला आणि इमारतीतल्या प्रत्येकाला पूर्ण नाव वाचून दाखवलं. त्यांच्याकडे मासळीला बोलावणं आलं, की नलूताई रविवारी लालबागला जायच्या. हळूहळू बोलावणं येणं बंद झालं आणि त्या न बोलावता जायला लागल्या.

निवृत्त झाल्यावर नलूताई कार्मेनच्या घरी जाऊन आल्या. तिनं आग्रहच धरला होता. कोकमं, पापड, सुलोचनाबाईंचा मसाला असं सामान घेऊन गेल्या आणि दोन महिन्यांनी गोऱ्या होऊन परत आल्या. आल्याच्या दिवशीच आमच्याकडे बसल्या. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांच्या पायाशी बसून सांगायला लागल्या.

"काकी, मी आयुष्यभर शिकवली ती भाषा तिकडे शाळेत आणि बँकेत. घरात ती दुसरीच. आईला नाय म्हणतात ते ठाऊक होतं, पण बापाला काय म्हणतात माहितेय? पाय!"

सासूबाई खुदकन हसल्या. "आणि सासूला?"

"सोग्रा."

"म्हणजे सुएग्राच की, गावाकडची," सासूबाई म्हणाल्या.

मग नलूताईंनी जे सांगितलं, ते मला अजून ऐकू येतं. त्या गावच्या म्हाताऱ्या बायका नवं माणूस दिसलं, की 'कोण तू' असं विचारत नाहीत. 'तू कुणाची' असं विचारतात. पहिल्या दिवशी धक्क्यावर चार-पाच जणींनी नलूताईंना गाठलं आणि विचारलं, तू कुणाची?

"मी म्हटलं, मी मुंबईची. तर नाही, कुणाची? म्हटलं, मी शिक्षिका आहे. ते नाही गं, कुणाची? मी घामाघूम झाले. वडील जाऊन चाळीस वर्षं झालेली. भावांची म्हणून सांगितलं, तर त्यांना भाऊ ठाऊक नाहीत. नवरा नाही. त्या बघतायत माझ्याकडे, मासे हातात घेऊन."

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, मी परबांची. लालबागच्या." नलूताईंनी पदरानं चश्मा पुसला. "तर सगळ्या एकदम, अगं, आनिताच्या परबांची! मग आधी सांगायचं नाहीस? आणि एकीनं माझ्या पिशवीत मासे टाकले."

त्यानंतर सासूबाई गेल्या, आम्ही बोरिवलीला राहायला आलो, आणि फणसवाडीला जाणं सणावारापुरतं उरलं. नलूताईंना मी शेवटचं पाहिलं ते दादरला, हिंदमाताच्या कापडबाजारात. माझ्या जावेच्या मुलीच्या लग्नाचे आहेर घ्यायला गेले होते. एका दुकानात गादीवर नलूताई आणि सुलोचनाबाई बसलेल्या, समोर साड्यांचा ढीग. कार्मेनची पंच्याहत्तरी होती आणि तिनं कळवलं होतं, की त्या दिवशी मी साडी नेसणार.

सुलोचनाबाईंनी एक जांभळी, सोनेरी काठांची साडी उलगडून नलूताईंच्या खांद्यावर टाकली. "हलू नको. ती तुझ्यायेवढीच उंच हा. माका बघूक दी."

नलूताई फळ्यासमोर उभं केलेल्या मुलीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. फिक्या सुती साडीवर तो भडक पदर. दुकानदार आरसा पुढे करत म्हणाला, "मावशी, तुम्हालाच काय छान दिसते! तुम्हीच घ्या."

"छे, छे," नलूताई म्हणाल्या. "माझं काय वय आहे जांभळं नेसायचं?" पण आरशात बघत राहिल्या. पदर जरा नीट केला. मग पुन्हा केला.

सुलोचनाबाई ते बघत होत्या. त्यांनी हातातली पिशवी गादीवर ठेवली आणि दुकानदाराला म्हणाल्या, "तीन दी. एकसारख्यो."

"तीन कशाला गं?"

"एक तिका, एक तुका, एक माका. फोटोत बऱ्यो दिसतल्यो."

मी हाक मारणार होते, पण माझी जाऊ दुसऱ्या दुकानातून बोलवायला लागली. दारातून बाहेर पडताना वळून पाहिलं, तर नलूताई पदर काढू देत नव्हत्या. दुकानदार घडी घालायला हात पुढे करत होता, आणि त्या म्हणत होत्या, "थांबा हो, जरा थांबा."